पाचारणासाठी घरोघरी रोझरी कशी करायची (आणि आमच्याकडं काय काय चुकलं)

"मम्मी, आपल्या घरातनं चालंल का?"

धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा. हॉलमध्ये रोझरी, म्हणजे माळेवरची मरियेची प्रार्थना, नुकतीच संपलेली, मतमाऊलीपुढची (येशूची आई मरिया, तिच्या मूर्तीपुढची) मेणबत्ती अजून जळत होती, मी किचनमध्ये वीस-बावीस जणांचा चहा गाळत होते आणि भडंगाची परात बाहेर कुणाच्या हाती द्यायची ते बघत होते, तेवढ्यात हा मागं येऊन उभा. काय चालंल का? तर रोझरीच्या सुरुवातीला मी मोठ्यानं बोलले होते ना की आमच्या धर्मग्रामातून (एका चर्चखालच्या घरांतून) एखादा तरी मुलगा फादर होऊ दे, तर तो मुलगा आपल्या घरातला असला तर चालेल का, असं त्याला विचारायचं होतं. मी काय म्हणाले सांगू? "तू आधी होमवर्क संपव जा."

रात्री भांडी घासताना डोक्यात उजेड पडला. शिवाजी जन्मावा पण शेजारच्या घरात, हे आपण जगाला सुनावत असतो, आणि मी हातात माळ धरून देवाकडं नेमकं तेच मागत होते, की फादर पाहिजे, पण शेजारच्या घरातला.

याला आता चार वर्षं झाली. आम्ही सांगलीतली पाच-सात कॅथलिक घरं मिळून दरवर्षी पाचारणासाठी, म्हणजे फादर-सिस्टर व्हायचं देवाचं बोलावणं आपल्या पोरांना यावं म्हणून, घरोघरी रोझरी करतो, ते बघून कुणी सातारहून, कुणी कराडहून फोन करून विचारतं की कसं करता, किती दिवस करता, काय म्हणता. तेच तेच सांगून घसा दुखला म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी का करायची ते, कारण हे नीट कळलं नाही तर चौथ्या दिवसापासून फक्त चहा उरतो. मत्तयच्या ९व्या अध्यायाच्या शेवटी येशू लोकांची गर्दी बघतो, त्याला त्यांचा कळवळा येतो आणि तो शिष्यांना म्हणतो की पीक भरपूर आहे पण कामकरी थोडे, तेव्हा पिकाच्या धन्याला विनवा, कामकरी पाठव म्हणून. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. ऊस उभाय, तुरा आलाय, वजन रोज घटतंय, आणि टोळीचा पत्ता नाही, मुकादम उचल घेऊन बसलाय आणि फोन उचलत नाही, त्या शेतकऱ्याचं तोंड डोळ्यासमोर आणा म्हणजे झालं. पण खरी गंमत पुढं आहे. १०वा अध्याय उघडा. ज्या बारा जणांना 'मागा' म्हणून सांगितलं त्याच बारा जणांना येशू कामाला पाठवतो! म्हणजे मागणारेच टोळीत गेले. हे मला चाळिशीला आल्यावर दिसलं, इतकी वर्षं तो वचनाचा तुकडा अर्ध्यावर ऐकून घरी येत होते.

मग यात मतमाऊली कुठनं आली, असं आमच्याकडं हमखास विचारलं जातं, कारण सांगली-मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना डॉ. वॉनलेस यांचं १८९४ सालचं मिरजेचं मिशन हॉस्पिटल आठवतं आणि इथली बरीचशी ख्रिस्ती घरं प्रोटेस्टंट आहेत, माझी स्वतःची एक मावससासूसुद्धा. ती स्पष्ट विचारते, तुम्ही मरियेची पूजा का करता गं? तिला मी एवढंच सांगते की पूजा नाही मावशी, आराधना फक्त देवाची, मरियेला मान देतो आणि आमच्यासाठी विनंती कर म्हणतो, जसं तुम्ही मला म्हणता की माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना कर. आणि बायबल उघडून दाखवायचं तर प्रेषितांची कृत्यं, पहिला अध्याय. येशू स्वर्गात गेलाय, शिष्य माडीवरच्या खोलीत प्रार्थना करत बसलेत आणि येशूची आई मरिया त्यांच्यासोबत आहे, हे १४व्या वचनात नाव घेऊन लिहिलंय. लगेच पुढं काय होतं? यहूदाची जागा रिकामी झालेली असते आणि तिथं मत्थियाची निवड होते. रिकामी जागा, प्रार्थना करणारी माणसं, त्यांच्यात मरिया, आणि मग नवा सेवक. आपल्या रोझरीचं सगळं सामान त्या एका खोलीत आहे. स्वर्गारोहण ते पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो दिवस) हे मधले नऊ दिवस, म्हणून नोव्हेना, म्हणजे ही सलग प्रार्थना, नऊ दिवसांची. मावशी आता रोझरीला येत नाही पण भडंगाला येते, तेही चालतंय.

दिवस कुठले धरायचे

आम्ही ३० ऑगस्ट ते ७ सप्टेंबर असे नऊ दिवस धरतो, ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिन. वेलंकनीचा सणही तोच आणि हरेगावच्या मतमाऊलीची यात्राही त्याच सुमारास, त्यामुळं वातावरण आपोआप असतं. तोटा एकच, बऱ्याच वर्षी गणपती त्याच दिवसांत येतात. पहिल्या वर्षी आम्ही आठची वेळ धरली आणि बरोबर आठला कोपऱ्यावरच्या मंडळाची आरती स्पीकरवर सुरू, 'नमो मरिया' आणि 'सुखकर्ता' एकात एक मिसळलं, पोरं खिदळायला लागली, मग आमच्या ह्यांनी मंडळाच्या पोरांना जाऊन विचारलं तर ती म्हणाली काका आधी सांगायचं ना, तुम्ही सातला उरका, आम्ही आठशिवाय माईक चालू करत नाही. तेव्हापासून सात म्हणजे सात. कुणाची वाट बघायची नाही.

सप्टेंबर जमत नसेल तर ऑक्टोबर रोझरीचा महिना आहेच, मे मतमाऊलीचा महिना, पोरांना सुट्टीपण असते. आणि खास पाचारणाचा रविवार म्हणाल तर ईस्टरचा चौथा रविवार, उत्तम मेंढपाळाचा, पोप सहाव्या पॉल यांनी १९६४ पासून तो दिवस जगभर पाचारणाच्या प्रार्थनेसाठी ठरवून दिला. त्याच्या आधीचे नऊ दिवस धरले तरी मस्त. आणि यातलं काहीच जमत नसेल तर दर गुरुवारी घरातल्या घरात एक दशक, म्हणजे फक्त दहा मणी. गुरुवार का, तर शेवटचं भोजन गुरुवारी झालं, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि याजकपद (फादरपण) दोन्ही त्या रात्री दिली गेली.

प्रत्यक्ष कशी करायची

मूर्ती एकच ठेवा आणि ती घरोघरी फिरवा. फार मोठी नको, स्कूटरवर मांडीत धरून नेता आली पाहिजे. आमची दीड फुटाची आहे, तिच्यासाठी सोफ्याच्या फोमचा तुकडा घातलेला एक पुठ्ठ्याचा बॉक्स आणि वर प्लॅस्टिक, कारण सप्टेंबरचा पाऊस. ज्या घरी रोझरी त्या घरी रात्रभर मूर्ती राहते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरातल्यांनीच ती पुढच्या घरी पोचवायची. हा नियम सोडू नका. पोचवायला म्हणून तरी माणूस येतो, आणि आला की बसतो.

टेबलावर पांढरं कापड, मूर्ती, मेणबत्ती, बायबल. फुलं असतील ती, झेंडू चालतो, जास्वंद चालते, डेकोरेशनची स्पर्धा अजिबात सुरू होऊ देऊ नका, आमच्याकडं दुसऱ्या वर्षी लायटिंगच्या माळा आल्या आणि तिसऱ्या घरची वहिनी मला हळूच म्हणाली की आमच्याकडं नको गं यंदा, आमचं घर साधं आहे. त्याच दिवशी लायटिंग बंद केलं.

माळेचा हिशोब ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी. एकूण ५९ मणी, त्यात ५३ 'नमो मरिया'चे आणि ६ 'हे आमच्या स्वर्गातील बापा'चे. सुरुवातीला क्रुसाची खूण आणि विश्वासाचा अंगीकार, मग एक बापा, तीन नमो मरिया, मग पाच दशकं, प्रत्येक दशकाआधी एक रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, सांगायचं. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही प्रकाशाची रहस्यं पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी २००२ मध्ये घातली, त्यामुळं जुन्या आज्यांना ती पाठ नसतात, त्यांना आडवळणानं सांगा, तोंडावर चूक काढू नका.

दशकं वाटून द्या. एक आजीला, एक लहान पोराला, एक पुरुषाला, हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडं रोझरी बायकांची असा एक समज झालाय आणि बाप बाहेर गॅलरीत मोबाईल बघत उभा असतो. मुलानं बापाच्या तोंडून कधी 'नमो मरिया' ऐकलंच नाही तर त्याला हे सगळं मम्मीचं काम वाटणार. आमच्याकडं एक जण दोन वर्षं गॅलरीत होते, त्यांना नुसतं म्हटलं की भाऊ, आज चौथं दशक तुमचं, बाकी काही बोलायचं नाही. आले. अडखळत म्हटलं, सात झाले की आठ म्हणून बोटं मोजत, पण म्हटलं.

वेळ अर्धा तास, त्याच्यावर जाऊ नका. पाच दशकांना सावकाश म्हटलं तरी वीस मिनिटं लागतात, एक भक्तिगीत आणि एक छोटी प्रार्थना, बस्स. पहिल्या वर्षी मीच उत्साहात लदीन (मरियेची एकेक नावं घेऊन केलेली लांबलचक विनवणी), तीन गाणी, बायबल वाचन आणि वर माझं स्वतःचं दहा मिनिटांचं चिंतन असं सगळं घातलं, सव्वा तास झाला, लहान पोरं कार्पेटवर झोपली, चौथ्या दिवशी सहा माणसं उरली त्यातली तीन आमच्याच घरातली. चूक माझी होती, लोकांच्या भक्तीत कमी नव्हती.

काय मागायचं

हा भाग नीट वाचा, कारण माझ्या मते सगळं इथं आहे. नुसतं 'पाचारणासाठी' म्हणून सोडून देऊ नका, तो शब्द लहान मुलांना कळतसुद्धा नाही. आम्ही तीन ओळी ठरवल्यात, रोज ज्याचं घर त्यानं मोठ्यानं म्हणायच्या.

पहिली, आत्ता जे फादर आमच्यासाठी राबतायत त्यांच्यासाठी. एकेका फादरांकडं किती गावं असतात बघा, रविवारी एक मिस्सा इथं, दुसरी तीस-चाळीस किलोमीटरवर, दुपारी आजाऱ्याकडं, संध्याकाळी शाळेचं काम. नवीन पाहिजेत म्हणताना असलेल्यांना विसरायचं नाही. आणि रोझरी झाल्यावर चहा पिताना त्याच फादरांची उणीदुणी काढायची नाहीत, पोरं ऐकत असतात. माझं ठाम मत आहे की घरात पाचारण मरतं ते याच चहाच्या वेळी.

दुसरी ओळ, सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, शिकणाऱ्या ब्रदरांसाठी.

तिसरी ओळ अशी: "आणि देवा, तुझी इच्छा असेल तर आमच्या घरातून."

ही तिसरी ओळ म्हणताना लोक कसे पुटपुटतात ते बघण्यासारखं असतं. पहिल्या दोन ओळी खणखणीत आणि तिसरीला एकदम खोकला. पण हीच सोडायची नाही. आनंदाच्या रहस्यांत पाचवं आहे ना, बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो ते, ते मला आता आईबापांचं रहस्य वाटतं. तीन दिवस शोधून शोधून जीव अर्धा झालेला, आई विचारते बाळा असं का केलंस, आणि तो म्हणतो मला माझ्या पित्याच्या घरात असायला हवं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का. लूकनं पुढं सरळ लिहिलंय की त्याचं बोलणं त्यांना समजलं नाही. मरियेला समजलं नाही! पण तिनं ते मनात ठेवलं. मला होमवर्कवाल्या दिवशी एवढंच करायचं होतं, समजलं नाही तरी मनात ठेवायचं होतं.

छोटी प्रार्थना आम्ही आपली आपणच लिहिली, पाहिजे तर घ्या नाहीतर तुमची करा: "हे मतमाऊली, देवदूत आला तेव्हा तू घाबरलीस, प्रश्न विचारलास, आणि मग हो म्हणालीस. आमच्या पोरांना बोलावणं आलं तर ते ऐकू येईल एवढी शांतता आमच्या घरात असू दे. त्यांचे प्रश्न आम्हाला ऐकून घेता येऊ देत. आणि त्यांनी हो म्हटलं तर आम्ही आडवे येऊ नये, असं कर. आमेन."

नवस बोलू नका

हे कडक सांगते. आपल्याकडं नवसाची सवय हाडात आहे, लेकरू देवाला वाहायची जुनी रीत आपल्याच मुलखात होती, त्यात पोरींची काय परवड झाली ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. कुणी म्हणतं, मुलगा दुखण्यातनं उठला तर त्याला फादर करीन. असं करता येत नाही. कॅथलिक कायद्यात स्पष्ट आहे की नवस ज्यानं केला त्यालाच बांधतो, दुसऱ्याला नाही, आणि कुणालाही कुठल्याही कारणानं याजकपद घ्यायला भाग पाडायला साफ मनाई आहे. बायबलमधल्या हन्नानं आपल्या मुलाला, शमुवेलाला, देवाला दिलं ही गोष्ट खरी, पण पुढं रात्री हाक शमुवेलालाच आली आणि 'बोल, तुझा दास ऐकतोय' हे त्यानं स्वतः म्हटलं, आईनं नाही. आपलं काम मागायचं, ओढायचं नाही.

तसंच एकुलत्या एका मुलाच्या आईबापांना अवघडायला लावू नका, त्यांना तिसरी ओळ जड जाते ते साहजिक आहे, म्हातारपणी कोण बघणार हा प्रश्न खोटा नाही. त्यांनी मनात म्हटली तरी चालतंय.

पोरगं खरंच म्हणालं तर

होमवर्क कर म्हणू नका. हसू नका, लगेच नातेवाईकांना सांगूही नका, नाहीतर 'आमचा छोटा फादर आला' म्हणून त्याला इतकं चिडवतात की ते बिचारं परत तोंड उघडत नाही. 'बरं, तुला काय आवडतं त्यातलं' एवढं विचारा. मिस्सेत फादरांच्या मदतीला वेदीसेवक म्हणून उभं राहू द्या. फादरांना घरी जेवायला बोलवा, मटण-भाकरी करा, आणि पोराला त्यांच्याशेजारी बसवा, फादर पण माणूस असतो, क्रिकेट बघतो, तिखट लागलं की पाणी मागतो, हे त्याला जवळनं दिसू दे.

घाईचं काही नसतंच. बहुतेक मुलं बारावीनंतर जातात, तत्त्वज्ञानाची दोन आणि ईशज्ञानाची चार वर्षं तर किमान, त्याशिवाय आधीची तयारी आणि मधे सेवेचा काळ, सगळं धरून आठ-दहा वर्षं आरामात. आणि पंचविशीच्या आत फादर करत नाहीत. तेवढ्या वेळात मुलाला कळतं, सेमिनरीलाही कळतं, कुणी परत येतं, आणि परत आलेल्याला घरात घ्यायचं ते ताठ मानेनं, पळून आला वगैरे शब्द नकोत. पुण्यात नगर रोडला पेपल सेमिनरी आहे, पोप तेराव्या लिओ यांनी १८९३ ला श्रीलंकेत कँडीला सुरू केली, १९५५ ला पुण्यात आली. आधी विचारून पोरांना एकदा बघायला घेऊन जा, सांगलीहून एका दिवसात जाऊन येणं होतं.

मार्कांचा बाऊ करू नका. संत जॉन व्हियान्नी, १७८६ चा जन्म, लॅटिन काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं, परीक्षेत गटांगळ्या. शेवटी वरच्यांनी त्याच्याबद्दल एवढंच विचारलं म्हणे, की मतमाऊलीची भक्ती आहे का, माळ जपतो का? जपतो म्हटल्यावर, बाकीचं देवाची कृपा बघून घेईल. आज तोच सगळ्या धर्मग्रामांच्या फादरांचा आश्रयदाता संत आहे, ४ ऑगस्टला सण असतो.

आणि एवढ्याशा घरांनी काय होणार असं वाटलं तर इटलीतल्या लू या खेड्याची गोष्ट सांगा. १८८१ ला तिथल्या आया फक्त एवढ्यासाठी जमायला लागल्या, की आमच्या एखाद्या मुलाला पाचारण दे. दर मंगळवारी पवित्र साक्रामेंतापुढं (येशूचं शरीर मानलेल्या भाकरीपुढं) बसायचं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच हेतूनं कम्युनियन, म्हणजे ती भाकर, घ्यायची, एवढंच. त्या एका गावातनं पुढं १५२ फादर आणि १७१ सिस्टर्स झाल्या. मला त्यातलं आवडतं ते हे, की त्या आयांनी 'आमच्या' मुलाला म्हटलं. तिसरी ओळ त्यांना आधीच माहीत होती.

आमच्याकडनं अजून कुणी सेमिनरीत गेलेलं नाही. धाकटा आता तेराचा आहे आणि सध्या त्याला जेसीबी चालवायचाय. यंदा मूर्ती पहिल्या दिवशी आमच्याकडंच आहे, बॉक्समधला फोम बदलायचा राहिलाय. आणि भडंगाची परात रोझरी संपेपर्यंत आतल्या खोलीत झाकून ठेवा, लसणाच्या वासानं तिसऱ्या दशकापासून पोरांचं लक्ष उडतं, मोठ्यांचंही.